शकुबाईंची झडप

काही माणसांचं हृदय एवढं मोठं असतं की त्याची धडधड चार भिंतींबाहेर ऐकू येते. शकुंतला निपाने यांच्याबद्दल हे वाक्य मी कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. त्यांचं हृदय मोठं झालं आहे, हे नागपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून लेखी दिलं होतं. आणि ते भिंतींबाहेर ऐकू यायचं, कारण त्यात यंत्राची झडप बसवलेली होती. दर ठोक्याला ती टक् असा आवाज करायची. आमची आणि त्यांची खिडकी समोरासमोर. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली, पंखे थांबले, की शकुबाईंची प्रकृती आम्हाला घरबसल्या कळायची.

लहानपणी पवनीला असताना त्यांना सांधे सुजून ताप आला होता. ताप सांध्यांतून गेला आणि हृदयात मुक्कामाला राहिला. पंचेचाळिशीत जिना चढताना दम लागू लागला तेव्हा त्याचा पत्ता लागला. ज्या वर्षी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा काढला, त्याच वर्षी नागपुरात शकुबाईंची छाती उघडून झडप बदलली. "जिल्ह्याले अन् मले एकाच साली फाडलं," त्या म्हणायच्या. "मले टाके तरी घातले."

आमची गल्ली कोष्ट्यांची. मी तिथे भाडेकरू म्हणून आलो आणि घर विकत घेऊन राहिलो, तरी तीस वर्षांनंतरही 'कॉलेजचे मास्तर' एवढीच माझी ओळख आहे. तेव्हा गल्लीत नऊ हातमाग चालू होते. शकुबाईंचे यजमान कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साड्या विणायचे आणि त्या स्वतः दारात बसून कांड्या भरायच्या, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसवायच्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायच्या. हात चालू, तोंड चालू आणि कान तिसरीकडेच. मध्येच त्या चरखा थांबवून ओरडायच्या, "अवो सुमन, तुया घरचा धागा तुटला नं! बुवा झोपला का मागावर?" चार घरं पलीकडून सुमनचा नवरा खजील होऊन बघायचा, तर धागा खरंच तुटलेला. नऊ मागांच्या खटखटीतून कोणता माग काय बोलतो, हे त्यांना ऐकू यायचं. मी एकदा त्यांना विचारलं, हे कसं जमतं. त्या म्हणाल्या, "तुमाले वर्गात कोणता पोरगा झोपला थे समजते का नाई?" मला समजत नसे, पण तसं मी बोललो नाही.

झडपेमुळे त्यांच्या सार्वजनिक आयुष्यात काही अडचणी आल्या. नगरपालिकेच्या मैदानावर एका पुढाऱ्याची श्रद्धांजली सभा होती. पाऊण तास भाषणं झाल्यावर दोन मिनिटं मौन पाळायचं ठरलं. सगळे उभे राहिले. माना खाली गेल्या. आणि त्या भरगच्च शांततेत पहिल्या रांगेतून स्पष्ट आवाज येऊ लागला, टक्, टक्, टक्. अध्यक्षांनी डोळे उघडले, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग सूत्रसंचालकाच्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांना वाटलं कुणीतरी वेळ मोजून राहिलं आहे. दोन मिनिटांचं मौन चाळीस सेकंदांत आटोपलं. नंतर आयोजकांपैकी एकाने शकुबाईंना नाराजीनं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी तं मौनच होती बाप्पा. थो आतला बोलून राहिला होता."

यंत्राच्या झडपेची एक अट असते. परक्या वस्तूवर रक्त साकळतं, म्हणून ते पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर गाठ होऊन झडप अडकते, नाहीतर गाठ मेंदूत जाते. जास्त झाली तर हिरड्यांतून, नाकातून आणि कुठूनही रक्त येतं आणि थांबत नाही. हे मोजायला रक्ताची तपासणी असते. तुमचा-माझा आकडा एक. शकुबाईंचा अडीच ते साडेतीनच्या मध्ये राहायला हवा. याखाली धोका, यावर धोका. बाकी आयुष्य मोकळं.

या आकड्याची वैरीण म्हणजे पालेभाजी. हिरव्या पानांत जे जीवनसत्त्व असतं, ते गोळीचं काम हाणून पाडतं. हे सांगून भंडाऱ्यातल्या डॉक्टरांनी त्यांना पहिल्याच भेटीत फर्मावलं, "पालेभाजी आजपासून बंद."

"काहून?"

डॉक्टरांनी कारण सांगितलं.

"म्हंजे भाजी खाल्ली का गोळी कमी पडते?"

"हो."

"मंग गोळी वाढवा."

डॉक्टरांनी चष्मा काढला. हे डॉक्टर चष्मा काढला की भाषण करत. ते झाल्यावर शकुबाई म्हणाल्या, "डाक्टरसाहेब, मी रोज एक मूठ भाजी खातच असतो. लहानपणापासून. थे बदलनार नाई. माही मूठ काही लहानमोठी होत नाई. तुमी तिच्या मापानं गोळी ठरवा नं. भाजी नाई बदलत, गोळी बदलते. गोळी तुमच्या हातात हाये."

डॉक्टर चिडले, पण तीन महिन्यांत आकडा तीनच्या आसपास येऊन बसला आणि पुढची तेरा वर्षं तिथेच बसला. बाजारात जी भाजी असेल ती, पण चिरल्यावर एक मूठ, रोज. चवळी, चाकवत, मेथी, काहीही. सणाला मूठ, उपवासाला फराळाबरोबर मूठ. पुढे कळलं की मोठ्या शहरांतले डॉक्टरही हेच सांगतात, भाजी सोडू नका, फक्त रोज सारखी खा. आमच्या डॉक्टरांनी ते एका परिषदेत ऐकलं आणि परत येऊन आम्हाला स्वतःच्या अनुभवातला निष्कर्ष म्हणून सांगितलं.

यजमान गेले. गल्लीतले माग एकेक करून बंद झाले. शकुबाईंचा एकुलता एक मुलगा रवी, विणकराच्या घरातला पहिला इंजिनियर, कॅनडात विनिपेग नावाच्या गावी स्थायिक झाला होता. त्याने आईचे तिथे कायम राहण्याचे कागद केले. जायच्या आदल्या दिवशी शकुबाई आमच्या ओट्यावर आल्या. माझी बायको सुनंदा रडायच्या तयारीत होती. शकुबाईंनी तिला ती संधी दिली नाही. "मले एक सांगा मास्तर," त्या म्हणाल्या, "तिथं थंडी किती पडते?"

"उणे तीस."

"म्हंजे?"

"बर्फ होतो त्याच्याही खाली तीस."

त्यांनी जरा विचार केला. "रक्त पातळ हाये ते बरं हाये मंग. गोठनार नाई."

विनिपेगहून त्यांचा व्हिडिओ कॉल आठवड्यातून एकदा यायचा. त्यांची सकाळ, आमची संध्याकाळ. फोन त्या कानाला लावत, त्यामुळे पडद्यावर आम्हाला कायम त्यांचा कान दिसायचा. कानाकडून मिळालेल्या माहितीनुसार तिथलं सगळं ठीक होतं. तिथल्या गोळ्या ताकदीप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या होत्या, गुलाबी, जांभळी, हिरवी, निळी, आणि आठवड्याच्या सात खणांच्या डबीत त्या मांडायच्या होत्या. हे काम शकुबाईंना मनापासून आवडलं. "सोमवारी निळी, मंगळवारी निळी-गुलाबी, बुधवारी निळी. किनारच हाये म्हना. चुकली का नजरेलेच खटकते." तक्रार एकच होती. "गाव लय चूप हाये, मास्तर. घरात गालिचे, खिडक्याले दोन-दोन काचा. बाहेरचं काही ऐकूच येत नाई. एक माहाच माग चालू हाये. बाकी सगळे बंद."

त्यांच्या सुनेचं नाव मेघना. पुण्याची, शांत, प्रत्येक वाक्य पूर्ण करणारी मुलगी. तिने सासूला तिथल्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी दोन पानांची यादी दिली, कोणती भाजी किती खावी. मेघनाने ती वाचून दाखवली. शकुबाईंनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "याच्यातली एकही भाजी मले मालूम नाई. अन् मी खातो त्यातली एकही याच्यात नाई. मंग आमचं भांडनच नाई." त्या बर्फात रवीला त्यांच्या ओळखीची भाजी काही मिळेना. डबाबंद पालक त्यांनी एकदा खाल्ला आणि त्याबद्दल जे म्हणाल्या ते सुनंदाने मला सांगितलं नाही. मूठ सुटली. तेरा वर्षांत पहिल्यांदा सुटली. आकडा साडेतीन ओलांडून पाचवर गेला आणि एका सकाळी त्यांच्या नाकातून रक्त आलं, ते दुपारपर्यंत थांबेना.

डॉक्टरांनी गोळी कमी केली. हे योग्यच होतं. पण रवी घाबरला. त्याने फोनवर गजर लावले, भिंतीवर तक्ता लावला, डबी स्वतःच्या ताब्यात घेतली. सकाळी ऑफिसला जाताना तो आईच्या तळहातावर गोळी ठेवायचा आणि ती गिळेपर्यंत उभा राहायचा.

"जीभ काढून दाखवाले सांगते का थो तुमाले?" सुनंदाने फोनवर विचारलं.

"अजून नाई," कान म्हणाला. "सुनंदे, मी नवरा गेला तईच्या दिवशीबी माही गोळी माह्याच हातानं घेतली होती वं."

एवढंच. पण तिने ते मला स्वयंपाकघरातून बाहेर येऊन सांगितलं आणि पुन्हा आत गेली. शकुबाई परदेशाला घाबरणाऱ्यांतल्या नव्हत्या, आजाराला तर नव्हत्याच. त्यांना एकच गोष्ट सोसवत नव्हती. आपल्या छातीतल्या यंत्राचा कारभार दुसऱ्याकडे गेला होता.

यावर आमच्या घरातून जो उपाय झाला, त्याची जबाबदारी मला टाळता येणार नाही.

सुनंदाचं माहेर पवनीकडे, धानाची शेती आणि उशाला तलाव. तिकडे धान कापणीला यायच्या आधी, बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, ओल असतानाच लाखोरी नावाचं कडधान्य पेरतात. हिवाळ्यात तिचे कोवळे शेंडे खुडून आणतात, छतावर पसरून उन्हात कडक वाळवतात आणि डब्यात भरून वर्षभर पुरवतात. मूठभर पाण्यात टाकली की पातेलंभर होते. शेतकऱ्याच्या घरची ही चीज. कोष्ट्यांच्या घरी ती शेजारधर्म म्हणून वाटीभर जायची, शिजवलेली. शकुबाई बाजारची ताजी भाजी खाणाऱ्या. वाळलेली भाजी त्यांनी कधी स्वतःच्या हाताने पातेल्यात टाकली नव्हती.

जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यातल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याचा मुलगा विनिपेगला चालला होता. सुनंदाने त्याच्याबरोबर दोन किलो वाळलेली लाखोरी पाठवली. दोन किलो म्हणजे उशीएवढी पिशवी. तिथल्या विमानतळावर अधिकाऱ्यांनी ती उघडून बराच वेळ हुंगली म्हणे. "चहा आहे," असं त्या मुलाने सांगितलं. अधिकाऱ्याने पुन्हा हुंगून त्याला सोडून दिलं. बहुधा दयेने.

शकुबाईंनी पिशवी रवीपासून लपवली. दिवसा घरात त्या आणि मेघना दोघीच. मेघनाला त्यांनी सांगितलं, ही आमच्याकडची भाजी, डॉक्टरांनीच मूठभर खायला सांगितली आहे, तेरा वर्षं खाते आहे. यातलं एकही वाक्य खोटं म्हणता येणार नाही. मेघनालाही ती आवडली. रोज दुपारी शकुबाई पिशवीत हात घालायच्या आणि मोजून एक मूठ काढायच्या.

मूठ तीच होती. शिस्तही तीच. फक्त वाळलेल्या एका मुठीत ओली टोपलीभर भाजी असते. ही साधी गोष्ट सुनंदाने बोलून दाखवली नाही, कारण तिच्या माहेरी ती जन्मतःच माहीत असते. आणि शकुबाईंनी विचारली नाही, कारण त्यांची मूठ तेरा वर्षांत चुकली नव्हती. मी अर्थशास्त्र शिकवत असल्यामुळे या चर्चेत नव्हतोच. त्यात गोळी आधीच कमी केलेली. आणि आकडा स्थिर झाला म्हणून पुढची तपासणी महिन्याने ठेवलेली. रवी रोज सकाळी न चुकता तळहातावर तीच कमी गोळी ठेवत होता आणि तक्त्यावर खूण करत होता. तक्ता अगदी बिनचूक होता.

तिसऱ्या आठवड्यातली दुपार. शकुबाई तांदूळ धूत होत्या. नळ बंद केला आणि थबकल्या. ओले हात तसेच छातीवर ठेवले.

"मेघना," त्या म्हणाल्या, "आवाज बदलला."

मेघनाने कान देऊन ऐकलं. तिला आवाज ऐकू येत होता. टक् होतंच की.

"नाई. धोट्यात कांडी तिरपी बसली का असा येते. जाते थे, पन पुरी नाई जात. चाल दवाखान्यात."

"आई, काही दुखतंय का?"

"दुखत नाई. चाल."

पुढचं मला दोघींकडून वेगवेगळं कळलं आहे, आणि दोन्ही हकिगती नेमक्या जुळतात, हे माझ्या अनुभवात दुर्मीळ आहे.

तातडीच्या विभागात काउंटरवर नर्स होती. तिने विचारलं, दुखणं एक ते दहामध्ये किती? मेघनाने विचारलं, शकुबाई म्हणाल्या, "शून्य." नर्सने शून्य लिहिलं. शून्यवाल्यांना रांगेत शेवटी बसवतात. समोर एक माणूस बोटाला रुमाल बांधून बसला होता, त्याचं सहा होतं.

तासभर झाला. शकुबाईंना आता बसल्या जागी धाप लागू लागली होती. त्यांनी मेघनाला पुन्हा काउंटरवर नेलं. "तिले सांग, मशीन माही हाये. तेरा वर्षं तिचा आवाज मी रातदिन ऐकून राहिली. ती आज आली कामावर, तिले काय मालूम? माह्या झडपेत काहीतरी अडकलं हाये. आत्ता पाह्य म्हना. कागद मंग भर."

मेघना नर्सकडे वळून हळू आवाजात एक वाक्य बोलली. आईंना जरा बरं वाटत नाहीये, शक्य असेल तर कृपया लवकर पाहाल का.

शकुबाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण त्यांना माप कळत होतं. "मी एवढं बोलली," त्यांनी दोन्ही हात फाकवून दाखवले, "अन् तू एवढुसंच काहून बोलली?"

"आई, तसं नाही बोलता येत इथे."

"सरक."

त्यांनी नर्सच्या समोरच्या फळीवर बोटाच्या पेराने ठोकलं. टक्. टक्. टक्. करकरीत, एका लयीत, मागासारखं. नर्सने मान वर केली. शकुबाईंनी आपल्या छातीकडे बोट दाखवलं आणि तोच हात खांद्यामागे फेकला, म्हणजे आधी. मग शालीचा पदर मुठीभोवती गुंडाळला आणि त्याच फळीवर पुन्हा ठोकलं. ढब. ढब. ढब. पुन्हा छातीकडे बोट, आणि मग फळीवर, खाली. म्हणजे आता.

नर्स उठून बाहेर आली. स्टेथोस्कोप त्यांच्या छातीवर ठेवला, आणि मेघना सांगते, तिचा चेहरा बदलला. बोटाला रुमाल बांधलेल्याला ओलांडून तिने चाकांची खुर्ची आत ढकलत नेली. खुर्चीत शकुबाई, आणि मागे बघत मेघनाला सांगत आहेत, "असं बोलाले लागते."

झडपेवर गाठ झाली होती. चकती अर्धीच उघडत होती. आकडा दीडच्याही खाली. डॉक्टर म्हणाले, दुखायला लागेपर्यंत थांबल्या असत्या तर मग दुखण्यापलीकडे गेल्या असत्या. औषध देऊन गाठ विरघळवली. दोन दिवस काही सांगता येत नव्हतं. आमच्या घरात त्या दोन दिवसांत लाखोरीचा उरलेला डबा माळ्यावर गेला आणि सुनंदा माझ्याशी बोलली नाही. मी काहीच केलं नव्हतं, पण अबोला धरायला दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

पाचव्या दिवशी पडद्यावर कान आला.

"सुनंदे."

सुनंदा रडायला लागली.

"रडू नको. आवाज आला वापस. ऐक." त्यांनी फोन छातीला लावला. आम्ही दोघांनी ऐकलं. मग कान परत आला. "अन् भाजी लय मस्त होती तुयी. पयले सांगाचं नं पन, का चिमूट पुरते म्हून."

खरं भांडण पुढे झालं. रवीचं म्हणणं, आता आईच्या हातात काहीच द्यायचं नाही, नाहीतर परत भंडाऱ्याला पाठवायचं. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ होतं. भाजी आईने लपवली होती. शकुबाईंचं म्हणणं, तुझा तक्ता बिनचूक होता आणि तरी मी मरत होती. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, त्यामुळे भांडण तीन आठवडे चाललं. शेवटी निकाल मेघनाने दिला. त्या काउंटरच्या दिवसापासून ती थोडी लांब बोलू लागली होती. "रवी, तुला तो आवाज ऐकू आला असता का? मला नाही आला. शेजारी उभी होते. डबी त्यांना दे."

डबी परत मिळाली. अट एक घातली, काही लपवायचं नाही. शकुबाईंनी उलट अट घातली, तपासणीला त्या एकट्या जातील. रवीने घरीच बोट टोचून आकडा बघायचं यंत्र आणायची तयारी दाखवली. त्या म्हणाल्या, "घरीच मोजलं तं बाहेर कायले जाऊ?" दर मंगळवारी त्या कोशाच्या साडीवर घोट्यापर्यंतचा कोट घालून, बर्फाचे बूट चढवून बसने दवाखान्यात जाऊ लागल्या. दंडातून रक्त देत, चार ओळखीच्यांना मान हलवून अभिवादन करत आणि पुढच्या बसने परत येत. पुढे आकडा स्थिर राहिला तेव्हा महिन्यातून एकदा यायला सांगितलं, तर त्यांनी ते मान्य केलं नाही. आहारतज्ज्ञ बाईंनी त्यांना बोलावून घेतलं आणि आपल्या यादीच्या खाली नवीन नाव लिहून घेतलं, लाखोरी. ओली मूठ, वाळली चिमूट. कॅनडा सरकारच्या छापील कागदावर पेनने.

तीन वर्षांनी हिवाळ्यात त्या दोन महिने भंडाऱ्याला आल्या. विणकर संस्थेने त्यांचा सत्कार ठेवला. संस्थेकडे तेव्हा एकही चालू माग नव्हता, पण सभागृह नवीन होतं. अध्यक्षस्थानी भाजी बंद करणारे डॉक्टर. त्यांनी चष्मा काढला आणि दुर्दम्य इच्छाशक्ती या विषयावर पंचवीस मिनिटं बोलले. सातासमुद्रापलीकडे जाऊन मृत्यूला परतवून लावणारी ही आपली वीरमाता, वगैरे. मग शाल आणि नारळ. शकुबाईंनी अंगावरची शाल बोटांच्या चिमटीत धरली, चोळली आणि माइकसमोरच म्हणाल्या, "पॉवरलूमची हाये."

सभागृह हसलं. संस्थेचे सचिव हसले नाहीत.

"अन् इच्छाशक्ती-गिच्छाशक्ती काही नाई," त्या पुढे म्हणाल्या. "मले मराची इच्छा नव्हती थे खरं हाये, पन थे तं साऱ्याइलेच राहते. मी टेबल ठोकला म्हून वाचली. तुमी दवाखान्यात गेले अन् कोनी ऐकून नाई राहिलं, तं टेबल ठोका." आणि खाली बसल्या. अभिनंदनाच्या प्रसंगी एवढं उपयुक्त भाषण मी भंडाऱ्यात दुसरं ऐकलेलं नाही.

त्या परत गेल्या ती सकाळ मला आठवते. नागपूरच्या विमानतळाला नेणारी गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. शकुबाई मागच्या सीटवर, मांडीवर रिपोर्टांची फाइल. सुनंदाने त्यांच्या हातात लाखोरीची पुडी दिली, वीतभरही नाही. ड्रायव्हर नवीन पोऱ्या होता. त्याने गाडी सुरू करायच्या आधी मागे वळून विचारलं, "काकू, तुमच्या पिशवीत घड्याळ वाजून राहिलं का?"

"हो," शकुबाई म्हणाल्या. "बरोबर टाइमावर हाये. तू चाल."

काच वर गेली. आम्हाला पुन्हा एकदा कान दिसला, आणि गाडी वळली.

पुढची दोन वर्षं मंगळवार चुकला नाही. मग एका जानेवारीत रवीचा फोन आला. संस्थेच्या फलकावर त्याच दुपारी खडूने लिहिलं गेलं की हृदयविकाराशी दीर्घकाळ दिलेली झुंज अखेर संपली. तसं काही झालं नव्हतं. हृदय उत्तम चाललं होतं. रक्त देऊन त्या दवाखान्याबाहेर पडल्या आणि बसथांब्यावर बर्फावरून घसरल्या. डोकं आपटलं. रक्त पातळ होतं, ते आतल्या आत थांबलं नाही.

सकाळच्या तपासणीचा रिपोर्ट दुपारी मेघनाच्या फोनवर आला. आकडा तीन. खाली लिहिलं होतं, निकाल समाधानकारक, डोस बदलू नये, पुढची तपासणी चार आठवड्यांनी.